झाकलेले भांडे आणि विचारलेला प्रश्न
बेने इस्रायलींचा वल्हांडण सण, त्यातले घर आणि त्यातली मुले

मराठी बायबलमध्ये ‘वल्हांडण’ असा एक शब्द आहे. वल्हांडणे म्हणजे ओलांडणे, वरून पुढे जाणे. रोजच्या बोलण्यातून हा शब्द जवळजवळ गेला आहे. एका ज्यू सणाचे नाव म्हणून मात्र तो पुस्तकात टिकला. हिब्रूत त्या सणाला ‘पेसाख’ म्हणतात. मिसर देशात गुलामीत असलेल्या इस्रायली लोकांच्या दारांवर कोकराच्या रक्ताची खूण होती. मृत्यूची शेवटची पीडा आली, तेव्हा ती खुणेची दारे ओलांडून पुढे गेली, आणि त्याच रात्री हे लोक गुलामीतून बाहेर पडले. ‘निर्गम’ या ग्रंथातली ही कथा ज्यू कुटुंबे दर वर्षी एका रात्री जेवणाच्या पंगतीत सांगतात.

गंमत अशी, की महाराष्ट्रातले मराठीभाषक ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, या सणाला पूर्वी वल्हांडणही म्हणत नसत आणि पेसाखही. त्यांचे नाव होते ‘अनाशी ढाकाचा सण’. ‘अनास’ म्हणजे तोंडी लावण्याच्या आंबट रसाचे भांडे. ते झाकून ठेवण्याचा सण, असा याचा अर्थ. नावात मिसर नाही, मोशे नाही, गुलामी नाही आणि सुटकाही नाही. आहे ते फक्त स्वयंपाकघरातले एक भांडे आणि त्यावरचे झाकण.

या लेखात मला या नावाचा माग घ्यायचा आहे. ग्रंथ हाताशी नसताना एखादा सण शतकानुशतके कसा टिकतो? पुढे ग्रंथ मिळाल्यावर त्याचे काय होते? आणि या सगळ्यात घरातल्या मुलांचा वाटा कोणता? वल्हांडण मुळातच मुलांसाठी रचलेला सण आहे, असे मला वाटते. बेने इस्रायलींचा इतिहास पाहिला की हे अधिक स्पष्ट होते.

शनवार तेली

बेने इस्रायलींची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावलाच पुरले आणि वाचलेले कोकणात स्थायिक झाले. ही घटना नेमकी कधीची, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. इतके मात्र खरे, की कुलाबा जिल्ह्यातल्या गावांमध्ये तेलाच्या घाण्यावर उपजीविका करणारा एक समाज होता. तो शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून शेजारीपाजारी त्याला ‘शनवार तेली’ म्हणत. गावांवरून त्यांची आडनावे पडली. केहिमकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर ही नावे आजही आहेत. भाषा मराठी, पेहराव इथला, जेवण भाताचे आणि नारळाचे.

या लोकांजवळ तोरा, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, राहिला नव्हता. हिब्रूही विस्मृतीत गेली होती. उरल्या त्या मोजक्या गोष्टी : शनिवारची विश्रांती, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, काही सण, आणि ‘शेमा’ ही एकच प्रार्थना. जन्म असो, लग्न असो वा मृत्यू, तीच प्रार्थना म्हटली जाई. पुढे दाविद राहाबी नावाच्या परदेशी ज्यू गृहस्थाने त्यांना ओळखले, असे परंपरा सांगते. राहाबीच्या काळाबद्दलही मतभेद आहेत. त्याने बायकांना मासे दिले आणि त्यांनी खवल्यांचे व बिनखवल्यांचे मासे आपणहून वेगळे केले, त्यावरून त्याची खात्री पटली, ही कथा प्रसिद्ध आहे. ओळख पटली ती पोथीतून नव्हे, तर मासळी निवडणाऱ्या हातांतून, हे यात लक्षात घेण्यासारखे आहे.

सणांची मराठी नावे

हाईम सॅम्युएल केहिमकर हे बेने इस्रायलींचे पहिले मोठे इतिहासकार. मुंबईत १८७५ साली समाजाची शाळा सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी लिहिलेला इतिहास १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. त्यात जुन्या सणांची मराठी नावे नोंदलेली आहेत.

नव्या वर्षाचा तो ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताच्या दिवशी घराची दारे लावून उपास करायचा, म्हणून ‘दारफाळणीचा सण’. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’. खिरीचा एक सण, तो ‘खिरीचा सण’. यरुशलेमच्या मंदिराच्या विनाशाचा दुःखाचा दिवस आला की वालाचे बिरडे, म्हणून ‘बिरड्याचा सण’. एस्तेर राणीच्या कथेचा पुरीम हा सण होळीच्या सुमारास येतो, म्हणून तो ‘होळीचा सण’. आणि त्यानंतर महिन्याभराने ‘अनाशी ढाकाचा सण’.

या यादीत एक सूत्र दिसते. जवळजवळ प्रत्येक नाव हाताने केलेल्या कृतीचे किंवा चुलीवर शिजलेल्या पदार्थाचे आहे. दार लावणे, खीर करणे, बिरडे करणे, भांडे झाकणे. सणामागची कथा विसरली तरी कृती राहिली, आणि कृतीच सणाचे नाव झाली. हे फक्त ज्यूंच्याच बाबतीत घडते असे नाही. नरकचतुर्दशीला पहाटे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडणाऱ्या मुलाला नरकासुराची पूर्ण कथा ठाऊक असतेच असे नाही. पण कारीट कुठे ठेवायचे आणि कोणत्या पायाने फोडायचे, हे त्याला नक्की ठाऊक असते.

आंबवण आणि भांडे

वल्हांडणाचा मुख्य नियम असा, की सणाच्या दिवसांत आंबवलेले काही खायचे नाही आणि घरात ठेवायचेही नाही. इस्रायलमध्ये हा सण सात दिवस, तर बाहेरच्या देशांत आठ दिवस पाळतात. कारण कथेत आहे. मिसरमधून निघण्याची इतकी घाई झाली, की मळलेली कणीक फुगेपर्यंत थांबायलाही वेळ नव्हता. म्हणून त्या प्रवासाची आठवण बेखमीर भाकरीने जपायची. तिला ‘मत्सा’ म्हणतात.

ज्यू धर्मशास्त्राने हा नियम फार बारकाईने मांडला आहे. गहू, जव आणि त्यांच्या जातीची अशी पाच धान्ये पाण्याच्या संपर्कात येऊन ठरावीक वेळ राहिली की ती ‘हामेत्स’, म्हणजे निषिद्ध, होतात. ही वेळ अठरा मिनिटांची मानतात. म्हणून पिठात पाणी पडल्यापासून मत्सा भाजून निघेपर्यंत सगळे काम अठरा मिनिटांच्या आत उरकायचे असते. कणीक क्षणभरही पडून राहू द्यायची नाही.

आता हा नियम कोकणातल्या एखाद्या घरात आणून पाहा. तिथे पाव नव्हता. रोजचे अन्न भात आणि तांदळाची भाकरी. भाकरी रोजच बिनखमिराची. युरोपातल्या ज्यू घरात फुगलेला पाव जाऊन कडक, सपाट मत्सा आला की मुलालाही कळते, आज काहीतरी वेगळे आहे. कोकणातल्या घरात हा फरक जाणवणार कसा? मग स्वयंपाकघरात खरोखर आंबणारी जी वस्तू रोज ताटाला लागते, तिच्यावर झाकण पडले. काटेकोर शास्त्राने पाहिले तर तो आंबट रस ‘हामेत्स’च्या व्याख्येत बसेलच असे नाही. पण नियमाचा गाभा होता तो आंबवण वर्ज्य करण्याचा, आणि तो या समाजाने आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत बरोबर धरून ठेवला. माझ्या मते ‘अनाशी ढाकाचा सण’ या नावाचे महत्त्व यातच आहे.

बेने इस्रायली वल्हांडणातही तांदूळ खातात, हेही इथेच सांगायला हवे. पूर्व युरोपच्या परंपरेतले ज्यू या दिवसांत तांदूळ आणि कडधान्येही टाळत आले आहेत. भारतातले आणि मध्यपूर्वेतले बहुतेक ज्यू ती टाळत नाहीत.

सणाआधीची सफाई आपल्या दिवाळीच्या सफाईची आठवण करून देणारी आहे. जुन्या बेने इस्रायली घरांत भिंतींना चुना लागे आणि तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई होई. धान्य निवडून वेगळे ठेवले जाई. सणाच्या आदल्या रात्री घरातली आंबवलेली चीज शोधण्याचा विधी असतो, आणि तो मुलांचा खास आवडता. वडीलधारी माणसे पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून घरात ठिकठिकाणी लपवतात. दिवे मालवले जातात. मेणबत्ती, पक्ष्याचे पीस आणि लाकडी चमचा घेऊन मुले शोधायला निघतात. सापडलेला तुकडा पिसाने चमच्यात लोटायचा आणि सकाळी सगळे जाळून टाकायचे. घर तर आधीच स्वच्छ झालेले असते. तुकडे मुद्दाम लपवायचे, ते शोधणाऱ्याची फेरी फुकट जाऊ नये म्हणून.

सेदेरची रात्र

ज्यू पंचांग चांद्रसौर आहे. आपल्या अधिक मासासारखा त्यातही एक जादा महिना धरतात, एकोणीस वर्षांत सात वेळा. म्हणून निसान महिन्याच्या पंधरवड्याला येणारा हा सण पौर्णिमेला आणि वसंतातच पडतो, बहुधा चैत्री पौर्णिमेच्या आसपास. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्या पहिल्या रात्रीच्या भोजनविधीला ‘सेदेर’ म्हणतात. सेदेर म्हणजे क्रम. या क्रमाचे पुस्तक ते ‘हगादा’, म्हणजे कथन.

मध्ये एक ताट असते. त्यातली प्रत्येक वस्तू कथेचा एक तुकडा आहे. भाजलेले हाड हे कोकराच्या बळीचे स्मरण. उकडून भाजलेले अंडे हे मंदिरातल्या सणाच्या बळीचे. कडू पाला गुलामीच्या कडूपणाचा. कार्पास, म्हणजे अजमोद, सेलरी किंवा कोथिंबीर यांतले जे मिळेल ते, मिठाच्या पाण्यात बुडवून खातात. ते खारे पाणी गुलामांचे अश्रू. हारोसेत हे गोड वाटण विटांच्या चुनामातीचे प्रतीक आहे, कारण फारोने इस्रायलींकडून शहरे बांधून घेतली होती. युरोपात हे वाटण सफरचंद, अक्रोड आणि दालचिनीचे करतात. बेने इस्रायलींकडे ते खजुराचे होते. खजूर भिजवून, शिजवून, गाळून आटवलेला तो दाट, काळसर रस. वाइनच्या जागी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेले शरबत हीही इथल्या घरांची जुनी रीत. प्रत्येकाने चार पेले प्यायचे. पाचवा पेला एलियाहू संदेष्ट्यासाठी भरून ठेवायचा आणि त्याच्यासाठी दार उघडायचे.

एलियाहूवर बेने इस्रायलींची वेगळीच श्रद्धा आहे. ‘एलियाहू हनाबी’ला पोहे, नारळ, गूळ आणि फळे यांचा ‘मलिदा’ अर्पण करण्याची त्यांची प्रथा जगातल्या इतर ज्यूंत नाही. तो अलिबागजवळच्या खंडाळे गावी येऊन गेला, असे ते मानतात, आणि तिथल्या खडकावरची खूण दाखवतात. त्यामुळे इथल्या घरातल्या मुलासाठी सेदेरचे दार उघडणे म्हणजे दूरदेशीच्या पाहुण्याची वाट पाहणे नव्हते. हा पाहुणा एकदा शेजारच्या गावात येऊन गेला होता.

मुलांसाठी रचलेला विधी

सेदेरमध्ये कथनाची सुरुवात प्रश्नाने होते, आणि प्रश्न विचारतो घरातला सर्वांत लहान मुलगा किंवा मुलगी. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असा त्याचा आशय. इतर रात्री कोणतीही भाकर चालते, मग आज बेखमीरच का? आज कडू पालाच का? आज दोनदा बुडवून का खायचे? आज तक्क्याला रेलून का बसायचे? या प्रश्नांशिवाय कथन पुढे जात नाही.

तालमूदमधल्या चर्चा वाचल्या, तर मूल जागे राहावे आणि त्याला प्रश्न पडावेत यासाठी त्या काळच्या गुरूंनी किती विचार केला होता ते दिसते. रब्बी अकिवा सणाच्या संध्याकाळी मुलांना भाजलेले दाणे आणि अक्रोड वाटीत, म्हणजे त्यांना झोप लागू नये. जेवणाच्या आधीच पाला का बुडवतात? मुलाने चमकून विचारावे म्हणून. आपल्याकडे सहसा आधी रीत असते आणि मग मुले तिच्याबद्दल विचारतात. इथे रीतच प्रश्न निघावा म्हणून घातली आहे.

मुलाला सांगण्याची आज्ञा तोरात चार ठिकाणी येते. त्यावरून हगादात चार मुलगे कल्पिले आहेत : शहाणा, उद्धट, साधा, आणि ज्याला प्रश्न विचारताच येत नाही तो. प्रत्येकाला वेगळे उत्तर द्यायचे. चौथ्याच्या बाबतीत पालकाने आपणहून सुरुवात करायची. सगळी मुले सारखी नसतात आणि एकच गोष्ट सगळ्यांना एकाच रीतीने सांगून चालत नाही, हे शिक्षणशास्त्राचे साधे तत्त्व या जुन्या पोथीत जेवणाच्या पंगतीतच सांगून ठेवले आहे.

मग अफिकोमानचा खेळ. तीनपैकी मधला मत्सा मोडून त्याचा मोठा तुकडा लपवतात. काही घरांत तो मुलांनी पळवायचा असतो, काहींत मुलांनी शोधायचा. तो खाल्ल्याशिवाय जेवण संपत नाही. म्हणजे वडिलांना मुलांशी तडजोड करावीच लागते आणि बक्षीस द्यावे लागते. रात्र कितीही लांबली तरी मुले जागी राहतात, त्याचे एक मोठे कारण हे बक्षीस.

पोथी येते

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चित्र बदलले. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी प्रार्थना आणि विधी शिकवले. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ सालीच सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी उभारले होते. ते आज ‘शाआर हाराहामीम’ या नावाने ओळखले जाते. डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलींनी त्यांच्याकडून हिब्रू घेतली, मराठी बायबल घेतले, आणि बहुतेकांनी आपला धर्म मात्र आपलाच ठेवला.

१८४६ साली मुंबईत शिळाछापावर हिब्रू-मराठी हगादा निघाली. १८७४ साली पुण्यात दुसरी निघाली, आणि तिच्यातल्या चित्रांमुळे ती आज जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. पुस्तकातली बरीच चित्रे युरोपीय हगादांच्या वळणाची आहेत. पण मत्सा करण्याच्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून काम करताना दिसतात. चित्रकाराने मिसर आणि फारो परदेशी पुस्तकांतून घेतले, पण मत्सा मात्र आपल्या घरातला काढला. पोथी बाहेरून आली आणि तिला जोडले गेले ते घरातलेच हात.

या काळात आणखी एक गोष्ट घडली, ती खास मराठी आहे. १८८० च्या सुमारास बेने इस्रायलींनी कीर्तने सुरू केली. बायबलमधली आख्याने साकी, दिंडी, अभंग अशा वृत्तांत आणि चालींत बांधली गेली. मोशेची कथाही त्यात आली. ज्यांच्या आजीला सणाचे नाव फक्त एका भांड्यावरून ठाऊक होते, त्यांच्या नातवंडांनी तीच कथा टाळ-पेटीच्या साथीने ऐकली.

मग जुने नाव मागे पडले. ‘अनाशी ढाका’ची जागा ‘पेसाख’ने घेतली. याला कोणी प्रगती म्हणेल, कोणी हानी. मला दोन्ही वाटते. कथा परत मिळाली हे मोठेच. पण स्वयंपाकघरातल्या ज्या नावाने सण ग्रंथाविना तगवला, ते नाव आता बहुतेक तरुण बेने इस्रायलींना सांगावे लागते.

हाताचा ठसा

बेने इस्रायलींची एक जुनी प्रथा इथे विशेष महत्त्वाची आहे. काही घरांत सणासाठी मेंढरू कापले जाई, तेव्हा त्याच्या रक्तात हात बुडवून कोऱ्या कागदावर पंजाचा ठसा घेत आणि तो कागद दारावर लावत. दारावरच्या रक्ताच्या खुणेची कथा यात सरळ दिसते. इतरत्र ती खूण फक्त वाचली जाते. इथे ती दर वर्षी उमटवली जाई. पंजाच्या ठशाची रीत आपल्या आसपासच्या सगळ्याच समाजांत आहे. दारावर हळदकुंकवाचे हात उमटवणारी घरे आजही आहेत. बेने इस्रायलींनी ती शेजाऱ्यांकडून घेतली, की आधीपासूनची त्यांची रीत शेजारामुळे टिकली, हे ठरवणे अवघड आहे. बहुधा दोन्ही गोष्टी एकमेकींना पूरक ठरल्या.

आजच्या शहरी घरात रक्ताचा ठसा कोणी घेत नाही. पण मुलाच्या तळव्याला लाल रंग लावून कागदावर पंजा उमटवणे कोणत्याही घरात शक्य आहे. जगभरच्या ज्यू बालवाड्यांत वल्हांडणाच्या आधी ज्या हस्तकला चालतात, त्यांत दाराची चौकट आणि तिच्यावरची लाल खूण असतेच. कोकणातल्या त्या जुन्या कागदात आणि या बालवाडीतल्या कागदात फारसे अंतर नाही.

मुलांच्या हातातला सण

इस्रायलमधल्या बालवाड्यांत सणाच्या आधी काही दिवस सराव-सेदेर होतो. मुले आपली हगादा स्वतः रंगवतात आणि ती घरी आणून खऱ्या सेदेरला पुढ्यात ठेवतात. किब्बुत्झ नावाच्या सामूहिक वसाहतींनीही विसाव्या शतकात आपापल्या हगादा तयार केल्या. हाताने लिहिलेल्या, चित्रे काढलेल्या अशा हगादा शेकड्यांनी आहेत. ही परंपरा जुनी आहे. १३०० च्या सुमाराची, जर्मनीत तयार झालेली पक्षिमुखी हगादा यरुशलेमच्या संग्रहालयात आहे. तिच्यात माणसांना पक्ष्यांची डोकी काढली आहेत. १३५० च्या सुमाराची सारायेव्हो हगादा स्पेनमधून निघून बोस्नियात पोचली. तिच्या पानांवर वाइनचे डाग आहेत. म्हणजे इतके मौल्यवान पुस्तकही जेवताना पुढ्यातच होते.

घरी करता येण्याजोग्या वस्तूंपैकी काहींचा अर्थ सांगतो, कारण अर्थ कळला की हस्तकला नुसता वेळ घालवणे राहत नाही.

पहिली, कागदाचे सेदेर-ताट. एका मोठ्या पुठ्ठ्याच्या वर्तुळावर सहा लहान वर्तुळे चिकटवायची आणि प्रत्येकात एक पदार्थ काढायचा. मुलाने चित्र काढायला घेतले की ‘हाड कशाचे?’ हा प्रश्न आपोआप येतो. उत्तर तेव्हाच द्यावे, रात्रीपर्यंत राखून ठेवू नये. रात्री मूल तेच उत्तर सगळ्यांना सांगते, आणि ते आपल्याला ठाऊक होते याचा त्याला अभिमान वाटतो.

दुसरी, मत्साचे आच्छादन. पांढऱ्या सुती कापडाच्या चौकोनावर मुलाने कापडी रंगांनी चित्र काढायचे. तीन मत्सांसाठी तीन कप्पे शिवले तर उत्तम. हे कापड वर्षानुवर्षे टिकते. मूल मोठे झाल्यावर त्याचे पाच वर्षांचे असतानाचे अक्षर दर वसंतात टेबलावर येते.

तिसरी, अफिकोमानची पिशवी. दोरी ओढून बंद होणारी साधी थैली पुरे. लपवायची वस्तू मुलानेच शिवलेल्या थैलीत गेली की शोधायचा उत्साह दुप्पट होतो.

चौथी, एलियाहूचा पेला. काचेच्या साध्या पेल्याला बाहेरून रंगीत पतंगी कागदाचे तुकडे चिकटवायचे. दिवाळीला आकाशकंदील करणाऱ्या मुलांना हे काम नवे नाही. दार उघडल्यावर पेल्यातले शरबत जरा कमी झाले का, हे पाहण्याची मुलांची धडपड प्रत्येक ज्यू घरात सारखीच असते.

पाचवी वस्तू अवघड आहे : दहा पीडांचे मुखवटे किंवा बाहुल्या. बेडूक, टोळ, उवा, गारा, अंधार यांची खेळणी बाजारात पिशव्या भरून मिळतात. कागदाचे उडी मारणारे बेडूक मुलांना फार आवडतात. पण दहावी पीडा मिसरच्या घराघरांतल्या पहिल्या अपत्याच्या मृत्यूची आहे. तिचे खेळणे करावे का, हा प्रश्न पालकांना पडतो आणि पडायलाच हवा. परंपरेने त्याचे उत्तर एका छोट्या कृतीत दिले आहे. पीडांची नावे घेताना प्रत्येक नावाला पेल्यातला एक थेंब बाहेर काढतात. आपल्या सुटकेसाठी दुसऱ्यांना दुःख भोगावे लागले, म्हणून आपला आनंदाचा पेला तेवढा उणा. बेडूक उडवून झाल्यावर मुलाला हे दहा थेंब काढू द्यावेत. पांढऱ्या बशीत पडलेले दहा लाल थेंब मुलाला लांबलचक उपदेशाहून अधिक सांगतात. शत्रूच्या मरणाचा सण करायचा नाही, हे ते हाताने शिकते.

टेबलाभोवती किती जण?

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वीस हजारांच्या आसपास बेने इस्रायली होते. १९४८ नंतर बहुतेक इस्रायलला गेले. तिथे सुरुवातीला त्यांच्या ज्यूपणाबद्दलच शंका घेतली गेली. वर्षानुवर्षे ग्रंथाविना राहिलेल्यांचे विवाहविधी शास्त्राला धरून होते का, असा धर्मपीठाचा प्रश्न होता. बेने इस्रायलींनी धरणे धरले, आंदोलने केली, आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. भांडे झाकणाऱ्या आज्यांची निष्ठा अशी कागदावर सिद्ध करावी लागली, ही गोष्ट विसरता येत नाही.

आज अश्दोद, लोद, बेरशेबा, दिमोना या शहरांत मराठी बोलणारे सेदेर होतात. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग मिळून मोजके काही हजार लोक उरले आहेत. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. अलिबागचे मागेन आबोथ, ठाण्याचे शाआर हाशामाइम, पुण्याचे लाल देऊळ, म्हणजे ओहेल दाविद, या वास्तू उभ्या आहेत. पण सेदेरला वास्तू लागत नाही, मूल लागते. ज्या घरात मुले परदेशी आहेत, तिथे चार प्रश्न कोण विचारणार?

अशा घरांत आता काही वेळा शेजारची मराठी मुले सेदेरला असतात. एकत्र जमून सामूहिक सेदेर करण्याची रीतही वाढली आहे. कुठे पडद्यावर नातवंड दिसते आणि प्रश्न समुद्रापलीकडून येतो. मत्सा परदेशातून आलेल्या खोक्यातला असतो, खजुराचा रस मात्र घरचा.

रब्बींनी ही वेळही ओळखली होती. मूल शहाणे असेल तर त्याने विचारावे. मूल नसेल तर पत्नीने विचारावे. दोन विद्वान असतील तर त्यांनी एकमेकांना विचारावे, दोघांनाही सगळे नियम पाठ असले तरीही. आणि माणूस अगदी एकटाच असेल, तर त्याने स्वतःलाच विचारावे : आजची रात्र वेगळी का?